डीपीत 'गार्डन' असलेला प्लॉट आता पार्किंगला : हरकत घेऊन काही होतं का?

अबोली_पश्चिम
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली. आमच्या सोसायटीच्या मागे एक प्लॉट आहे, दीडेक एकराचा असेल. मुंबईच्या पश्चिम उपनगरात आहे एवढंच सांगते, कारण आमचे चेअरमन पण इथे टोपणनावाने असतील तर सांगता येत नाही. विकास आराखड्यात (डीपीत) त्याच्यावर गार्डनचं आरक्षण आहे, पण गार्डन काही झालं नाही. पुढच्या कोपऱ्यात सडलेल्या रिक्षा, मध्ये पोरांनी करून घेतलेली पिच, मागे एक उंबर, भोकराची झाडं आणि दोन जुने शिरीष. पावसाळ्यात मागच्या खोलगटात पाणी साचतं आणि बेडूक असे ओरडतात की आमच्या सासूबाई खिडक्या लावून घेतात.
आता पेपरात नोटीस आलीय, नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम ३७ खाली फेरबदल, अर्ध्याहून जास्त जागा पार्किंगला, उरलेली गार्डनला. हरकती-सूचना एक महिन्यात. सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत, एक म्हणतो गाडी लावायला जागा नाही, झालं तर बरंच आहे, आणि दुसरा तट म्हणजे मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. तर प्रश्न असा की हरकत घेऊन खरंच काही होतं का, की नुसता कागद फाइलला लागतो? आणि घ्यायची तर लिहायचं काय?

रिकामटेकडा
आधी पहिल्या तटाकडे गाड्या किती आणि पोरं किती ते मोजा. :)

विरारफास्ट
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. काही होत नाही. नोटीस निघते तोवर सगळं ठरलेलं असतं. हरकत मागवतात कारण कायद्यात लिहिलंय म्हणून.

नकाशेवाला
अबोलीताई, मी नगररचनेच्या कामात आयुष्य काढलं, आता घरी असतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.
पेपरातल्या नोटिशीवर जाऊ नका, ती चार ओळींची असते आणि त्यात मुद्द्याचं काही नसतं. पहिलं काम, जागेचा सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) शोधा आणि डीपी रिमार्क काढा, म्हणजे आराखड्यात तिथे काय दाखवलंय त्याचा दाखला, ऑनलाइन फी भरून मिळतो. त्यावर आरक्षणाचा कोड असेल. आरओएस १.५ असेल तर बाग, आरओएस १.४ असेल तर खेळाचं मैदान, आणि ईओएस असेल तर ती अस्तित्वातली मोकळी जागा धरलेली आहे. आरओएस आणि ईओएस यांत फरक मोठा आहे. आरओएस म्हणजे 'इथे पुढे करायचं आहे', जागा अजून मालकाच्या नावावर असू शकते. लोकांना वाटतं नकाशात हिरवं दिसलं म्हणजे जागा आपली झाली. नाही झाली. हिरवा रंग म्हणजे सरकारने मालकाला सांगितलेलं असतं की इथे दुसरं काही बांधू नकोस, बस.
दुसरं, नोटीस कोणी काढलीय ते बघा. नुसतं कलम ३७(१) असेल तर प्रस्ताव महापालिकेचा, सुधार समिती आणि सभागृहातून आलेला, आणि मंजुरी शासनाची. ३७(१कक) असेल तर शासनानेच स्वतःहून काढलेली. हरकत कुठल्या पत्त्यावर जाते, सुनावणी कोण घेतं हे सगळं त्यावर बदलतं. चुकीच्या ऑफिसात दिलेली हरकत कोणी योग्य ऑफिसात पोचवत नाही.
आणि विरारफास्ट म्हणतात ते अर्धं खरं आहे.

विरारफास्ट
अर्ध्याला पण मान्यता मिळाली, पेढे वाटतो.
पण काका, सांगा ना, मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेचं सभागृहच नव्हतं. प्रशासक प्रस्ताव करणार, प्रशासकच समिती, प्रशासकच सभागृह. त्या काळात कोणाच्या हरकतीचं काय झालं असेल?

पारिजात_
@विरारफास्ट, इतकं पण निराश होऊ नका हो. २०१५ आठवतंय का? नव्या डीपीचा पहिला मसुदा आला तेव्हा लोकांनी नकाशे उघडून बघितले तर राहत्या बिल्डिंगमधून रस्ते गेलेले, हेरिटेज वास्तूंची नोंद गायब, आरेत भलतीच स्वप्नं रंगवलेली. साठ हजारांच्या वर हरकती-सूचना गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा परत करायला लावला, २०१६ ला नवा मसुदा आला आणि २०१८ ला मंजूर झाला. आमच्या गल्लीतल्या बायकांनी मंदिरात टेबल टाकून लोकांचे फॉर्म भरून घेतले होते, मी पण बसले होते. बिल्डिंगमधून गेलेला रस्ता नंतर निघाला की नकाशातून.

विरारफास्ट
रस्ता निघाला कारण बिल्डिंगमध्ये मतदार राहतात. बेडूक मतदार नाहीत.

रिकामटेकडा
+१ बेडकांना

गिरणगावकर
मंजूर झालेला नियम पण कसा पातळ करतात ते आम्हाला विचारा. १९९१ च्या नियमावलीत कलम ५८ होतं. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. गिरण्यांची जमीन मिळून सहाशे एकराच्या आसपास. विचार करा, परळ-लोअर परळ-लालबाग पट्ट्यात सलग मैदानं, बागा झाल्या असत्या, कामगारांना घरं मिळाली असती ती वेगळीच. २००१ ला त्यात बदल केला की हा वाटा फक्त गिरणीच्या आवारात जेवढी जागा आधीपासून मोकळी आहे तेवढ्याचाच काढायचा. शेड पाडून जी मोकळी होईल ती धरायची नाही. गिरणी म्हणजे सगळं शेडच असतं राव, आवारात मोकळं काय, चिमणीखालची जागा? कोर्टात गेलं, २००६ ला सुप्रीम कोर्टाने बदल कायम ठेवला. एका वाक्याचा बदल होता. माझे वडील त्यातल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते, आता तिथे मॉल आहे आणि मॉलसमोर कृत्रिम हिरवळीवर 'कृपया चालू नये' अशी पाटी.
म्हणून ताई, तुमच्या नोटिशीतलं प्रत्येक वाक्य वाचा. 'उरलेली गार्डनला' म्हणजे किती, कुठल्या बाजूची, हे आकड्यात आहे का?

अबोली_पश्चिम
नाही हो. 'भागशः' असं लिहिलंय फक्त. नकाशा ऑफिसात बघायला ठेवलाय म्हणे.

नकाशेवाला
मग तो नकाशा बघायला जाच. मोबाइलमध्ये फोटो काढू देत नसतील तर प्रमाणित प्रत मागा, अर्ज करून. आणि 'भागशः'चं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये नोटिशीत नाही हीच तुमची पहिली हरकत.

टपरीवरचा
मी जरा वेगळं बोलतो. मी झोपडपट्टीत वाढलो, आता पण तिथेच आहे, बारा बाय दहाची खोली, पाच माणसं. आमची वस्ती ज्या जागेवर आहे तिच्यावर पण डीपीत प्लेग्राउंडच आहे. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी टॉवरमधला माणूस कोर्टात जातो की मोकळी जागा वाचवा. म्हणजे आम्हाला हलवा. मोकळी जागा ज्यांच्याकडे घर आहे त्यांना दिसते. आम्हाला जागा दिसली की घर दिसतं. हे पर्यावरणवाले ज्या सोसायटीत राहतात ती कुठल्या भातखाचरावर नाहीतर खाजणावर बांधलीय ते कधी बघतात का?

पारिजात_
तुमचा राग समजू शकते, पण इथे कोणी झोपडी हलवा म्हणत नाहीये, ताईंच्या प्लॉटवर पार्किंग येतंय, घरं नाही.

टपरीवरचा
माहितीये मॅडम, वाचता येतं मला. धाग्यात मोकळ्या जागेचा विषय निघाला म्हणून बोललो.

दुसरा_माळा
@टपरीवरचा, मी चाळीतली आहे, एकशे ऐंशी स्क्वेअर फूट. आणि मला तुमचं निम्मं पटतं आणि निम्मं अजिबात पटत नाही. घराचा हक्क पहिला, मान्य. पण मैदान टॉवरवाल्याला कशाला हवंय? त्याच्याकडे क्लबहाउस आहे, स्विमिंग पूल आहे, गाडी काढून लोणावळ्याला जातो. मैदान लागतं ते आपल्याला. माझा मुलगा दहावीचा अभ्यास मैदानाच्या पायरीवर बसून करायचा, नणंदेचं हळदीकुंकू मैदानात, गणपतीचा मांडव मैदानात, बाबा वारले तेव्हा माणसं उभी राहिली ती पण मैदानातच, चाळीच्या पॅसेजमध्ये कुठे मावणार? मैदान गेलं तर सगळ्यात आधी आपलं घर छोटं होतं.

टपरीवरचा
हे बरोबर बोललात. पण मग वस्तीवाल्यांनी जायचं कुठे? माहुलला?

सातबारा
या दोघांच्या भांडणावर कोर्टात तेवीस वर्षं केस चालली, गंमत नाही. आरक्षित मोकळ्या जागेवर झोपडपट्टी असेल तर काय करायचं? आत्ताचा नियम असा की पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट असेल तर ६५ टक्क्यांवर एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) योजना आणि किमान ३५ टक्के मोकळी ठेवायची. सिटिस्पेस या संस्थेने २००२ मध्ये याचिका केली होती की मोकळ्या जागेवर बांधकाम नकोच. जून २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने नियम कायम ठेवला, म्हणजे घराचा हक्क मान्य केला, पण ती ३५ टक्के जागा सगळ्या पब्लिकला खुली पाहिजे, नुसती त्या बिल्डिंगवाल्यांची खाजगी नाही, असंही बजावलं.
माझं मत विचाराल तर ६५-३५ मध्ये झोपडीवाल्याला पण फार काही मिळत नाही. त्या ६५ मध्ये विक्रीचा टॉवर पण असतो. रिहॅबच्या बिल्डिंगी एकमेकींना खेटून, खालच्या मजल्यांवर दिवसा ट्यूबलाइट लागते. तीनशे फुटांचं घर मिळतं आणि पोरगं खेळतं जिन्यात. म्हणजे टपरीवरचा आणि दुसरा_माळा दोघांचंही नुकसान, आणि मध्ये फायदा कोणाचा ते सांगायला नको.

टपरीवरचा
सातबारा साहेब, हे मात्र लाख बोललात. आमच्या शेजारच्या वस्तीचं झालंय, भाऊजी सातव्या मजल्यावर राहतात, समोरच्या किचनमधली फोडणी यांच्या डोळ्यात जाते.

मॅचविनर
अवांतर: मैदान मोकळं राहिलं तरी आत जाऊ देतात का ते बघा. आमच्याकडे बाग झाली, छान झाली, कारंजं, लेझर, सेल्फी पॉइंट. दुपारी बंद. बॉल खेळायचा नाही, सायकल नाही, हिरवळीवर बसायचं नाही, डबा खायचा नाही. वॉचमनला विचारलं करायचं काय, तर म्हणतो चाला. वर्तुळात चालायला बाग कशाला, मी घरी डायनिंग टेबलाभोवती चालतो.

रिकामटेकडा
पण डायनिंग टेबलापाशी लाफ्टर क्लब नसतो. तो त्रास वाचतो.

गिरणगावकर
आणि दत्तक दिलेल्या जागा? पालिकेची मैदानं सांभाळायला घेतली आणि त्यावर क्लबहाउस, जिमखाना, मेंबरशिप. जानेवारी २०१६ ला दत्तकचं नवं धोरण आलं तेव्हा इतका आरडाओरडा झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि दिलेल्या जागा परत घ्या म्हणाले. काही परत आल्या, काही यायच्या आहेत, काहींचं नाव घ्यायचं नाही.

पारिजात_
सगळेच दत्तकवाले वाईट नाहीत हं. ओव्हल मैदान बघा, तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने भांडून, सांभाळून ठेवलंय, आणि कोणीही जाऊन खेळतं. फरक कुंपणाचा नाही, गेट कोणासाठी उघडतं त्याचा आहे.

शिवाजीपार्ककर
ओव्हलचं कौतुक झालं, आमच्या पार्काचं पण करा. अठ्ठावीस एकर, १९२५ पासून लोकांना खुलं, कुंपण म्हणजे बसायचा कट्टा. सध्या लाल मातीची धूळ खातोय हा भाग सोडला तर.

मॅचविनर
तुमची धूळ हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, तो गेल्या हिवाळ्यात दोनशे प्रतिसादांवर गेला होता, प्लीज इथे नको.

पक्षीवेडा
मंडळी, सगळे बाग आणि मैदानावरच बोलताय. मुंबईतल्या ज्या मोकळ्या जागा खरं काम करतात त्यांना ना गेट आहे ना कारंजं. कांदळवनं, खाडीकाठचे चिखलाचे पट्टे, मिठागरं, पाणथळी, डोंगरउतार. नकाशा काढणाऱ्याला तिथे 'काही नाही' असं दिसतं. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) कुठे उभं आहे? मिठी नदीच्या मुखाशी, दलदल आणि तिवरांवर भराव घालून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीला पसरायला जागा नव्हती, तेव्हा 'काही नाही' म्हणजे काय होतं ते कळलं. एवढ्या पावसात पाणी तुंबणारच होतं, मान्य, पण ते उतरायला इतका वेळ लागला नसता.
त्यानंतर ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने कांदळवनं तोडायला मनाई केली, २०१८ ला अंतिम निकाल आला, भोवती पन्नास मीटरचा पट्टा पण राखायचा. कांदळवन कक्ष २०१२ मध्ये झाला. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ ला रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झाली. म्हणजे कायद्याने राखलेल्या जागा आहेत आपल्याकडे, आणि त्या बऱ्यापैकी टिकल्या पण आहेत. पण मिठागरांना हे कवच नाही. कांजूर, भांडुप, मुलुंडची मिळून २५६ एकर मिठागरं धारावी प्रकल्पाच्या घरांसाठी द्यायचं ठरलं. मिठागर म्हणजे भरतीचं पाणी जिरवून घ्यायची जागा आहे, आणि तिथे घर बांधलं तर त्या घरात राहणारा धारावीचा माणूसच पाण्यात जाणार. @टपरीवरचा, म्हणून मी म्हणतो की हा शौक नाही.

खाडीपार
मी कोळीवाड्यातला. पक्षीवेडा भाऊंनी पक्ष्यांचं सांगितलं, मी माशाचं सांगतो. तिवराच्या मुळात कोळंबीची पिल्लं वाढतात, बोयटाची पिल्लं वाढतात. आमच्या आया ओहोटीला चिखलात उतरून निवटी, चिंबोरी, कालवं काढायच्या, त्यावर घरं चालली. आता खाडीच्या तोंडाला रोज डेब्रिजचे डंपर. रात्री दोनला येतात, लाइट बंद करून. आधी तिवराच्या कडेला एक ढीग, मग पाणी आत यायचं बंद, मग तिवरं आपोआप सुकतात, कुऱ्हाड लावायला लागत नाही. दोन पावसाळे गेले की जागा कोरडी. मग सर्व्हेला माणूस येतो आणि लिहितो, मोकळी जमीन. कोर्टाचा निकाल तिवर असेल तर लागतो ना.
फोटो तारखेसकट काढून ठेवायचे, गुगल अर्थवर जुन्या सालाचं चित्र बघायला मिळतं ते पण काढून ठेवायचं. आमच्या पोरांनी तसं करून एक भराव काढायला लावला. उचलून नेला शेवटी.

पक्षीवेडा
खाडीपार दादा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. जुनं उपग्रहचित्र सुनावणीत कोणी नाकारू शकत नाही.

विरारफास्ट
आरेचं विसरलात का सगळे? ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झाडं कापायला घेतली, सुप्रीम कोर्टाची स्थगिती ७ तारखेला आली तोवर दोन हजारांच्या वर गेली होती. मग एका सरकारने कारशेड कांजूरला नेली, ८१२ एकर राखीव वन जाहीर केलं, दुसऱ्या सरकारने परत आरेत आणली. आता मेट्रो ३ धावतेय आणि मी पण तिने जातो, ते पण खरं.

अबोली_पश्चिम
मी पण जाते. आणि दर वेळी आरे स्टेशनचं नाव आलं की कानकोंडं होतं.

रिकामटेकडा
अहो ताई, काळजी सोडा, कोस्टल रोडच्या भरावावर आणि रेसकोर्सच्या १२० एकरांवर सेंट्रल पार्क येतंय म्हणे. तुमच्या पोरांनी बोरिवली-गोरेगावहून खेळायला महालक्ष्मीला यायचं. पिच पकडायला पहाटे ४.१० ची लोकल आहे.

मॅचविनर
हाहाहा. आणि खाली पार्किंग असणारच. पार्क शब्द तिथूनच आलाय बहुतेक.

सातबारा
हसण्यावारी नेऊ नका, हाच खरा मुद्दा आहे. माणशी मोकळी जागा मोजताना सगळं एकत्र करतात. मुंबईत माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा असा आकडा नेहमी दिला जातो, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं दहा ते बारा सांगतात. मग आकडा वाढवायचा कसा? समुद्रात भराव घालून एका टोकाला मोठी जागा दाखवायची, पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या छतावरची बाग धरायची, रस्त्याचं दुभाजक धरायचं. सरासरी वाढते, पण तुमच्या गल्लीतलं पोर तिथेच जिन्यात. पोडियमवरून आठवलं, सोसायटीच्या लेआउटमधली मनोरंजनाची किमान जागा जमिनीवरच पाहिजे, पोडियमवर दाखवून चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१३ मध्ये कुर्ल्याच्या एका प्रकरणात सांगितलंय. झाडाला मुळं लागतात आणि पाण्याला माती लागते, इतकं साधं. ज्यांच्या सोसायटीचा रिडेव्हलपमेंट चालू आहे त्यांनी प्लॅन उघडून आरजी (ही मनोरंजनाची जागा) कुठे दाखवलाय ते आजच बघा.

नकाशेवाला
अबोलीताईंचा प्रश्न मागे पडतोय. सातबारांनी मालकीचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, त्यांचा हातखंडा आहे.

सातबारा
सांगतो, नाव ठेवलंय तर लाज राखली पाहिजे. ताई, मालमत्ता पत्रक काढा आणि मालक कोण ते बघा. खाजगी मालक असेल तर एमआरटीपीचं कलम १२७ लक्षात ठेवा. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत. गेलं. मग तिथे पार्किंग पण नाही, सरळ टॉवर. खूप मैदानं अशीच गेलीत, कोणी बदललीही नाहीत, नुसती तारीख उलटू दिली. कोणी उलटू दिली ते विचारू नका, फाइल कधी कधी टेबलावरच पावसाळा काढते. तुमचा आराखडा २०१८ चा, म्हणजे २०२८ पासून सावध. जागा आधीच पालिकेच्या ताब्यात असेल तर ही भीती नाही, आणि मग तुमची हरकत खूप जड होते, कारण पैसे देऊन बागेसाठी घेतलेली जागा दुसऱ्या कामाला का, हे त्यांना सांगावं लागेल.

अबोली_पश्चिम
आज काढलं पत्रक. पालिकेचंच नाव आहे! म्हणजे ताब्यात आहे??

सातबारा
वा. मग कशासाठी संपादन केलं तो आदेश माहिती अधिकारात मागा. नोटिशीचा महिना संपायच्या आत उत्तर येईलच असं नाही, पण अर्ज केलाय हे हरकतीत लिहा.

हरकतवाली
मी अशा एका सुनावणीला जाऊन आलेय (कुठली ते नको). काय होतं ते सांगते म्हणजे भीती जाईल. पत्र येतं, कधी कधी सुनावणीच्या आदल्या दिवशी. एका हॉलमध्ये बसवतात, नावं पुकारतात, समोर अधिकारी, बाजूला टाइप करणारा. दोन-तीन मिनिटं मिळतात. आमच्यातले एक काका पर्यावरणावर इतकं सुंदर बोलले की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टाइप करणाऱ्याने लिहिलं 'अर्जदाराने हरकत नोंदवली'. त्यांच्या मागून एक शाळेच्या बाई उभ्या राहिल्या, त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. त्या भागात इतक्या इतक्या अंतरात दुसरं एकही मैदान नाही, हा नकाशा. शाळेचा स्पोर्ट्स डे तिथेच होतो, ही परवानगीची पत्रं. पार्किंगची गरज म्हणता, तर पलीकडे बांधून ठेवलेलं सार्वजनिक पार्किंग अर्धं रिकामं असतं, हे फोटो. अधिकाऱ्याने कागद मागून घेतले. टाइप करणाऱ्याला दीड पान लिहायला लागलं.
आमच्या केसमध्ये पूर्ण थांबलं नाही. बदल झाला, पण मैदानाचा मोठा भाग राहिला आणि बांधकाम रस्त्याच्या बाजूला सरकलं. जिंकलो म्हणायचं की हरलो ते मला अजून कळलेलं नाही.

विरारफास्ट
मुंबईत याला जिंकणं म्हणतात बाई. पवईच्या तलावातला सायकल ट्रॅक हायकोर्टाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवून काढायला लावला, ते मात्र पूर्ण जिंकणं.

दुसरा_माळा
अबोलीताई, एक सुचवू? पार्किंगवाल्या तटाशी भांडू नका. त्यांना विचारा की तिथे पार्किंग झालं तर ते तुमच्या सोसायटीला मिळणार आहे का. पब्लिक पार्किंग असेल तर तासाने पैसे आणि बाहेरच्या गाड्या रात्री बारापर्यंत हॉर्न वाजवत तुमच्या गेटसमोर. आमच्या चाळीसमोर झालंय. हे कळलं की निम्मा तट तुमच्याकडे येईल.

टपरीवरचा
आणि त्या पिचवर खेळणारी पोरं कुठली आहेत? सोसायटीची असतील असं वाटत नाही. बाजूच्या वस्तीची असणार. त्यांच्या आयाबापांच्या सह्या घ्या. वस्तीत गेलात तर दोनशे सह्या एका संध्याकाळी होतील, सोसायटीत वॉचमन तुम्हाला बेल पण वाजवू देणार नाही. फक्त नंतर बाग झाली की त्याच पोरांना गेटवर अडवू नका.

अबोली_पश्चिम
@टपरीवरचा, खरंय, बरीचशी पोरं मागच्या चाळीतली आहेत. रविवारी जाते. आणि हरकतीत मी असं लिहिणार आहे की जागा दोन भागांत करा, पुढे मातीचं मैदान, मागचा झाडांचा आणि पाणी साचणारा भाग आहे तसाच ठेवा, पेव्हर ब्लॉक नकोत, कारंजं नको. चालेल का? की हरकतीत फक्त विरोधच लिहायचा असतो, सूचना नाही?

नकाशेवाला
'हरकती-सूचना' आहे ते. दोन्ही लिहा, पण वेगवेगळे परिच्छेद करा, पहिली मागणी 'मूळ आरक्षण कायम ठेवावे' हीच. सूचना आधी लिहिली तर तुम्ही बदलाला तयार आहात असा अर्थ काढतात. प्रत्येक सहीसमोर पत्ता हवा. आणि 'प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी' हे वाक्य विसरू नका.

पक्षीवेडा
मागच्या भागातल्या झाडांची यादी जोडा, घेरासकट. पन्नास वर्षांवरची झाडं आता कायद्याने वारसा वृक्ष धरतात, २०२१ च्या दुरुस्तीपासून. शिरीष जुने आहेत म्हणालात ना. शनिवारी मी येतो टेप घेऊन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रिकामटेकडा
मी पण येतो. बेडकांच्या सह्या कोणीतरी घ्यायला हव्यात.

अबोली_पश्चिम
दोघंही या, सासूबाई कांदेपोहे करतील. काका, शेवटचं विचारते, ईमेलने पाठवली तर चालेल ना हरकत?

नकाशेवाला
ईमेल करा पण त्यावर विसंबू नका. दोन प्रती घेऊन जा, एक आवकमध्ये द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जेवणाच्या सुट्टीच्या आधी जा.